आज्जा-आज्जी तुम्हाला वाचून दाखवायचे का? (आणि आमच्या बाबांना वाचायला कसं बसवू?)

माळवद

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला घेतलंय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा आज्जा कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता. सोलापूरच्या लोकांना सांगायला नको, साचेखात्यात शेकडो माग एकदम चालले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू यायचं नाही. त्यामुळं तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखायची आणि स्वतः बोलतानाही तोंड मोठं उघडून एकेक अक्षर ओठावर दिसंल असं बोलायची. आज्जा रिटायर झाला तरी ती सवय गेली नाही, कान मात्र गेले. तर हा आज्जा आम्हाला रोज वाचून दाखवायचा.

उन्हाळ्यात आम्ही सगळे माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर झोपायचो. संध्याकाळी वर दोन घागरी पाणी मारायचं, वाफ निघून गेली की वाकळा टाकायच्या, आणि आज्जा कंदील घेऊन वर यायचा. काखेत चांदोबाच्या जुन्या अंकांचा गठ्ठा. रद्दीतनं आणलेले वर्षभराचे अंक त्यानं दाभणानं, मिलच्याच सुतानं शिवून एक जाड पुस्तक केलं होतं. मग वाचायला सुरुवात. आवाज इतका की पलीकडच्या तीन घरांना फुकट ऐकू जायचं. एक शेजारीण काकू तर त्यांच्या माळवदावरनं ओरडायच्या, "मामा, मागचं जरा परत वाचा की, पोराला पाजत होते!" आणि आज्जा परत वाचायचा.

मी त्याच्या तोंडाकडं बघत बसायचो. मला अक्षरं यायच्या आधी ओठ वाचता येत होते असं आई सांगते. "राक्षस" म्हणताना त्याचे ओठ कसे व्हायचे ते मला अजून दिसतं.

आणि गोष्ट ऐन रंगात आली की तो गठ्ठा पटकन मिटायचा आणि म्हणायचा, "झाला भोंगा!" संपलं. मग कितीही रडा. "भोंगा झाल्यावर साचा कोण चालवतं का?" एवढंच उत्तर.

आता माझी पोरगी पाच वर्षांची आहे. बाबा रिटायर होऊन आमच्याकडंच असतात, नातीवर जीव आहे, तिला बागेत नेतात, केस विंचरतात, सगळं करतात, पण पुस्तक हातात दिलं की "मला आज्जासारखं नाही येत" म्हणून बाजूला ठेवतात. दोन-तीनदा झालं. मी जास्त बोलत नाही कारण त्यांना वाईट वाटतंय असं दिसतं.

तर दोन प्रश्न. तुमच्याकडं कोण वाचायचं, कसं वाचायचं? पुस्तकाचं नाव आठवलं नाही तरी चालेल, आवाज कसा होता, कुठं बसायचात ते सांगा. आणि बाबांना कसं बसवू?

पुण्यात_सोलापूरकर

माळवद हा शब्दच किती वर्षांनी वाचला. इथं चौथ्या मजल्यावर बसून एकदम तापलेल्या मातीवर पाणी पडल्याचा वास आला बघा.

शेंगाचटणी

आमच्या आज्जीकडं पुस्तकबिस्तक काही नव्हतं. ती चौथी पास, आणि त्याचा तिला फार अभिमान. ती पुडे वाचायची! वाण्याकडनं गूळ, डाळ, शेंगदाणे जे काय यायचं ते वर्तमानपत्राच्या कागदात बांधून यायचं. पुडा सोडला की दोरा रिळाला गुंडाळायचा आणि कागद मांडीवर हातानं सपाट करायचा. आम्ही चार भावंडं भोवती. मग जे असेल ते मोठ्यानं वाचायची. बाजारभाव असू दे, कुठं कीर्तन आहे ते असू दे, निधनवार्ता असली तर वाचून झाल्यावर हात जोडायची, ओळखीचं असो नसो.

एकदा रविवारच्या पुरवणीतली गोष्ट आली. एक बाई रात्री एकटी घरात आहे, दार वाजतं, ती कडीला हात लावते... आणि तिथंच कागद फाटलेला. आम्ही बोंबललो. माझा भाऊ तेव्हा आठ वर्षांचा, तो आज्जीकडनं चार आणे घेऊन पळाला आणि परत गूळ घेऊन आला, उरलेली गोष्ट त्या पुड्याला असेल म्हणून. त्या पुड्यावर क्रिकेट निघालं. संध्याकाळपर्यंत पोरानं तीनदा गूळ आणला. शेवटी दुकानदार मामांनी विचारलं, एवढा गूळ कशाला रे? त्यानं खरं सांगितलं तर त्यांनी सगळी रद्दी उपसून बघितली. सापडलं नाही ते पान. पण त्यानंतर मामा गोष्टीचं पान दिसलं की पुडा न बांधता आमच्यासाठी अख्खं काढून ठेवायचे.

दारात कोण होतं ते मला आज पन्नाशीतही माहीत नाही. भावाला फोनवर अजून विचारते, "काय रे, कोण आलं होतं?"

माळवद

ताई, हे वाचून घरात मोठ्यानं हसलो. बायको विचारायलीय काय झालं.

पूर्वभाग

चांदोबाचं नाव निघालं म्हणून लिहितो.

आमच्या घरात तेलुगू. पणजोबा तेलंगणातनं मागावर काम करायला इथं आले, आम्ही आता पक्के सोलापूरचे. मी मराठी शाळेत, त्यामुळं तेलुगू बोलतो पण वाचता येत नाही. आमचे तात (म्हणजे आजोबा) मात्र तेलुगूच वाचायचे. त्यांच्याकडं चंदमामाचे अंक होते. बऱ्याच जणांना माहीत नसतं की हे मासिक मुळात तेलुगू आणि तमिळमध्ये निघालं, मद्रासहून, जुलै १९४७ ला, देश स्वतंत्र व्हायच्या महिनाभर आधी. मराठी चांदोबा १९५२ पासून. गोष्टी त्याच आणि चित्रंपण सगळ्या भाषांत तीच. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येतंय.

तात दुपारी जेवण झाल्यावर हातमागाच्या खड्ड्याच्या कडेला पाय सोडून बसायचे, मी शेजारी. तेलुगूत दोन ओळी वाचायच्या, मग स्वतःच्या भाषेत फोड करून सांगायचं. त्यांच्या गोष्टीतला राजा नेहमी नवीन पंचा मागवायचा. लबाड व्यापारी असला की तो सुताचाच व्यापारी आणि पैसे द्यायला आज या उद्या या करणार. गरीब हुशार पोरगा असला की त्याला माग हमखास येणार.

मग एकदा शाळेतल्या मित्राकडं मराठी अंक दिसला. तेच चित्र! तोच राजा, तोच व्यापारी, मिशा सुद्धा त्याच. मी हरखून वाचायला लागलो तर त्यात माग नाही, सूत नाही, व्यापारी धान्याचा. मी मित्राशी भांडलो, तुझ्या पुस्तकात चुकीचं छापलंय म्हणून. हातघाईवर आलो अगदी. घरी येऊन तातना विचारलं. ते अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "ते मद्रासला बसून छापतात, त्यांना आपली गल्ली काय माहीत?"

तर माळवददादा, तुमच्या बाबांना सांगा की पुस्तकात आहे तसंच वाचायचं असा कुठं कायदा नाही.

पुण्यात_सोलापूरकर

आपली गल्ली काय माहीत! एक नंबर.

कडक_भाकरी

सगळे छान छान लिहितायत, मी थोडं वेगळं लिहिणार आहे. राग मानू नका.

आमच्याकडं आजोबा श्रावणात पोथी वाचायचे, रोज संध्याकाळी, सोमवारी तर दोन-दोन तास. आम्हा मुलांना समोर मांडी घालून बसायचं. हलायचं नाही, खाजवायचं नाही, पाय मुंग्यांनी भरून गेला तरी बदलायचा नाही. पेंग आली तर मागनं काकू मांडीला चिमटा काढायची. शब्द एक कळत नव्हता. उपासानं पोटात कालवायचं आणि समोर नैवेद्याचं ताट झाकलेलं. ते आम्हाला वाचून दाखवत नव्हतेच, ते देवाला वाचून दाखवत होते आणि आम्ही पुण्य लागावं म्हणून बसवलेलो. आजही कुठं कापूर आणि जुन्या कागदाचा वास एकत्र आला की माझी मांडी आखडते.

आजोबा वाईट नव्हते. पण प्रत्येक वाचणारा आज्जा म्हणजे गोड आठवण असं नसतं एवढंच सांगायचं होतं.

माणकाठचा

कडक_भाकरी ताई, तुमचं म्हणणं समजतं, तरी पोथीची बाजू मांडतो कारण मी त्यातलाच.

श्रावणातली म्हणजे शिवलीलामृतच असणार. ते लिहिणारे श्रीधरस्वामी आमच्या नाझऱ्याचे, सांगोला तालुका, माण नदीच्या काठावरचं गाव. १७१८ साली बारामतीत त्यांनी हा ग्रंथ पुरा केला. आणि तो मनात वाचायचा ग्रंथच नाही, कानासाठी लिहिलाय. ओवीला चार चरण. पहिल्या तिन्हींचं यमक जुळतं, आवाज चढत चढत जातो, आणि चौथा चरण आखूड, यमकाचं बंधन नसलेला. तिथं आवाज खाली बसतो. आमचे आजोबा तीन चरण एका दमात चढवायचे आणि चौथ्याला श्वास सोडायचे आणि नेमकं तिथंच आज्जी चुलीपाशी "हूं" म्हणायची. मला सहाव्या वर्षी अर्थ कळत नव्हता हे तुमच्यासारखंच. पण "हूं" कुठं येणार ते बरोबर कळायचं.

दुसरं म्हणजे मला काम होतं. पोथी सुट्या पानांची, आडवी, लाल रुमालात बांधलेली. वाचून झालेलं पान आजोबा माझ्या हातात द्यायचे आणि मी ते पालथं घालून गठ्ठ्यावर ठेवायचो, कडेला कड जुळवून. पानाचा क्रम चुकला तर सगळा अध्याय घोटाळणार ही माझ्यावर जबाबदारी. त्यामुळं झोप यायची टापच नव्हती. धागाकर्त्यांना माझा सल्ला हाच, नातीला काहीतरी काम द्या, पान उलटायचं तरी.

कडक_भाकरी

दादा, तुम्ही फार छान लिहिलंय ओवीचं. पण मला कुणी पान हातात दिलं नाही. मुलींनी पोथीला हात लावायचा नाही असं होतं आमच्याकडं. पानं माझा धाकटा भाऊ द्यायचा-घ्यायचा, त्याला पायाला मुंग्या आल्या की तो त्या निमित्तानं उठायचाही. मला फक्त बसायचं होतं.

माणकाठचा

ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्याकडंही बहीण माझ्यापेक्षा मोठी, तरी पानं माझ्याकडंच होती. ती तेव्हा कुठं बसायची ते मला आठवत नाहीय. आज तिला फोन करतो.

अज्जाचीनात

आमचे अज्जा कन्नडमधनं वचनं वाचायचे. सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन झालं की तळ्याच्या पायरीवर बसून एक वचन, रोज एकच. कधी बसवण्णांचं (ते कल्याणला जायच्या आधी मंगळवेढ्याला होते हे अज्जा दरवेळी सांगायचे), कधी खुद्द सिद्धरामांचं, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांचं. आपण ज्यांच्या गड्ड्याला (जत्रेला) जातो, ज्यांचे नंदीध्वज धरतो, ते बाराव्या शतकात कन्नडमध्ये वचनं लिहिणारे कवी होते हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, अज्जांच्या मांडीवर कळलं. चार-पाच ओळींचं असायचं. वाचून झालं की चष्म्याच्या वरनं बघून विचारायचे, "तिळीतेनु?" कळलं का? मी नेहमी हो म्हणायची. मग तेही हसायचे आणि माशांना चुरमुरे टाकायचो.

विडीघरकुल

सगळं वाचलं. मी जरा अवघड बोलणार हाय.

वाचून दाखवणारी आज्जी असणं हीच मोठी गोष्ट हाय हे तुमच्या लक्षात येतंय का? आमच्या आज्जीला अक्षर येत नव्हतं. सकाळपासनं मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला भिजवून कापलेली तेंदूपानं, सुताचं रीळ. दिवसाला हजार विड्या. तिचा हात थांबला की त्या दिवशीचे पैसे कमी. तिनं कधी पुस्तक धरायचं?

पण वाचन आमच्याकडं होतं, उलटं होतं. वाचायचो मी. चौथीत असल्यापासनं. शाळेचं पुस्तक संपलं की पेपर, पेपर संपला की शेजारच्यांकडचं काहीबाही. ती मान खाली घालून विड्या वळत ऐकायची. आणि मला कळायचं तिला गोष्ट कशी वाटली ते, तिच्या हातावरनं. भांडणाची गोष्ट असली की सपासप विड्या पडायच्या. कुणी मेलं, कुणाची ताटातूट झाली की हात हळू व्हायचा, पान नुसतं बोटात फिरत राहायचं. एकदा मी अशीच एक रडकी गोष्ट वाचली आणि संध्याकाळी माल दीडशेनं कमी भरला. तेव्हापासनं मला ताकीद होती, "रडायचं असंल ते रविवारी वाच. आज पळापळीचं वाच काहीतरी." आणि मी खरंच बघून वाचायचो, लढाई, चोर, घोडे असलं.

आम्ही आधी भाड्याच्या एका खोलीत होतो, मग २००६ ला कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळालं, विडी कामगारांसाठी बांधलेल्या १०,००० घरांतलं एक. कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा तिनं अंगठा दिला नाही. आठ दिवस माझ्याकडनं नाव गिरवून घेतलं होतं. पाच अक्षरं. शेवटचं थोडं वाकडं आलं.

तर माळवददादा, तुमच्या बाबांना वाचायला जमत नसंल तर राहू दे की. पोरीला अक्षरं येतील दोन वर्षांत. ती वाचंल, ते ऐकतील.

पूर्वभाग

मित्रा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. आमच्या गल्लीत दुपारी घराघरात सूप असायचं, पण त्या हाताचा वेग गोष्टीवर असतो हे मी कधी बघितलंच नाही.

कडक_भाकरी

"रडायचं असंल ते रविवारी वाच." विडीघरकुल, आज्जींना माझा नमस्कार.

नई_जिंदगी

हमारे यहाँ, सॉरी, आमच्याकडं नाना वाचायचे, उर्दूत. उर्दू उजवीकडनं सुरू होते, म्हणजे आपल्या हिशोबानं पुस्तक मागच्या बाजूनं उघडतं. मी मराठी शाळेत पहिलीला. मला वाटायचं नाना शेवटापासनं वाचतायत. मी रोज विचारायचो, "नाना, सुरुवात कधी येणार?" ते म्हणायचे, "आएगी बेटा, सबर कर." मला वाटायचं एक दिवस मधलं पान ओलांडलं की खरी सुरुवात येईल.

शाळेत मी बालभारती मागनं उघडून बसायचो. बाईंनी एकदा बघितलं, आधी त्यांना वाटलं मुद्दाम करतो. मग कारण कळल्यावर त्यांनी मला पुढं बोलावून सगळ्या वर्गाला सांगायला लावलं की उर्दू पुस्तक कसं धरतात. नानांना घरी सांगितलं तर ते दोन दिवस गल्लीत सगळ्यांना तेच सांगत होते.

शेंगाचटणी

सुरुवात कधी येणार आणि दारात कोण होतं, तुझी माझी जोडी जमली बघ भावा.

रेडिओवाला

थोडं अवांतर. माझ्याकडं आज्जीच्या आवाजातली एक कॅसेट आहे, ८८-८९ ची असेल. काकांनी आणलेल्या टेपवर लपून रेकॉर्ड केली होती, ती भावाला गोष्ट वाचून दाखवतीये, मागं पंख्याचा आणि मधेच कुकरचा आवाज. परवा काढली तर आत पांढरट बुरशीसारखं दिसतंय. लावून बघू का?

टेपदुरुस्ती

लावू नका!! बुरशी असेल तर डेकच्या हेडला लागते, पुढच्या कॅसेटीही खराब करते आणि पट्टी चिकटलेली असेल तर तुटते. मी हे काम करतो म्हणून सांगतो. कवच पाच स्क्रूचं असेल तर उघडता येतं, मग रीळ बाहेर काढून हळूहळू हातानं फिरवत कोरड्या मऊ कपड्यानं पुसायचं आणि दुसऱ्या चांगल्या कवचात बसवायचं. मास्क लावून करा. जमत नसेल तर जाणकाराकडं द्या. बुरशी नसेल आणि नुसती जुनी असेल तर आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळून घ्या, पट्टी मोकळी होते. मग डेकच्या लाईन आऊटमधनं वायर कॉम्प्युटरला, आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड. पहिल्यांदा चालवाल तेव्हाच रेकॉर्डिंग सुरू ठेवा, दुसऱ्यांदा चालेलच याचा भरवसा नसतो. आणि कुकरचा आवाज काढून टाकू नका. लोक नंतर तोच मागतात.

रेडिओवाला

थँक्यू दादा. हात कापायलेत पण करतो.

बाराखडी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मूळ प्रश्नाकडं येते कारण त्याला कुणी नीट उत्तर दिलं नाही.

माळवददादा, वडिलांचे डोळे कधी तपासलेत?

हसू नका, माझा अनुभव आहे. शाळेत आम्ही आजी-आजोबांना गोष्ट वाचायला बोलावतो. जे नको म्हणतात त्यातल्या बऱ्याच जणांना वाचायची लाज नसते, दिसत नसतं. आणि ते कुणी सांगत नाही. "मला येत नाही", "घसा बसलाय", "तुम्हीच वाचा बाई" असं म्हणतात. त्यात हल्लीची मुलांची पुस्तकं! गडद निळ्या पानावर पांढरी अक्षरं, चित्राच्या अंगावरनं गेलेली ओळ, वेडीवाकडी वळणं. मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्याला अशी पानं फार त्रास देतात, चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप आली की आणखीनच. पेपर वाचतात ना, मग दिसतं असं घरचे धरून चालतात. पेपर ते दिवसा गॅलरीत वाचतात आणि मथळे वाचतात. रात्री ट्यूबच्या उजेडात नातीसमोर अडखळायचं कुणाला आवडेल?

तेवढं बघा. आणि एक, पुस्तक त्यांच्या हातात तुम्ही देऊ नका. पोरीला नेऊ दे. ती रोज तेच पुस्तक नेईल, नेऊ द्या. मुलांना तीच गोष्ट पन्नासदा हवी असते आणि एक शब्द चुकला तर ती लगेच चूक धरतात, त्यातच त्यांचं शिकणं चाललेलं असतं.

माळवद

ताई, खरं सांगू? तुमची पोस्ट वाचून मी उठून बाबांच्या खोलीत गेलो. चष्मा टेबलावर होता. पावती ड्रॉवरमध्ये सापडली, सहा वर्षांपूर्वीची. आज्जासारखं येत नाही म्हणाले की मी तेच धरून बसलो होतो. उद्याच नेतो.

माणकाठचा

बहिणीशी बोललो. कडक_भाकरी ताई, हे तुमच्यासाठी.

ती म्हणाली ती मागच्या सोप्यात दाराआड बसायची, ज्वारी निवडत. आणि फोनवर तिनं अकरावा अध्याय म्हणायला सुरुवात केली. न बघता. सतरा-अठरा ओव्या सलग म्हणाली आणि दर चौथ्या चरणाला आजोबांसारखाच आवाज खाली. मी इतकी वर्षं पानं हाताळली, मला चार ओव्या पाठ नाहीत. पोथी आजपर्यंत माझ्याकडं कपाटात होती. येत्या रविवारी तिच्याकडं नेऊन देणार आहे.

कडक_भाकरी

नेऊन द्या दादा. आणि तिला पान परतायला कुणीतरी समोर बसवा.

पुण्यात_सोलापूरकर

धागा कुठनं कुठं गेला. मी काही लिहिलं नाही कारण माझे आज्जा मला आठवतच नाहीत. एवढंच माहीत आहे की ते चार पुतळ्याला (चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत तिथं) मला खांद्यावर घेऊन उभे राहायचे आणि चारही नावं मोठ्यानं वाचायचे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारीला तर हमखास, १९३१ ला त्याच दिवशी चौघांना फाशी दिली म्हणून. हे आईनं सांगितलेलं. पण ती नावं त्याच क्रमानं, एका विशिष्ट चालीत माझ्या तोंडात आहेत, ती चाल कुणाची ते आज लक्षात आलं.

रेडिओवाला

अपडेट. कॅसेट उघडली, पुसली, नव्या कवचात घातली. सत्तावीस मिनिटं मिळाली. शेवटी पट्टी तुटली पण तोवर रेकॉर्ड झालं होतं. कुकर आहे. आज्जी मधेच वाचायची थांबते आणि म्हणते, "किती झाल्या रे शिट्ट्या?" आणि भाऊ म्हणतो, "तू वाच, मी मोजतो."

माळवद (साधारण तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, पण सांगायचंच होतं. बाराखडी ताई, तुमचं बरोबर निघालं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय, ऑपरेशन लगेच नको म्हणाले डॉक्टर, पण जवळचा नंबर बराच बदलला होता. नवीन चष्मा आला. मी त्यांना एकदाच विचारलं, दिसत नव्हतं तर सांगितलं का नाही? म्हणाले, "तुला वाटलं असतं बाप म्हातारा झाला."

मी घरातली रंगीत पुस्तकं तशीच ठेवली आणि आईच्या ट्रंकेतनं आज्जाचा तो गठ्ठा काढला. पांढरा कागद पिवळा झालाय पण काळी ठसठशीत अक्षरं. पोरीच्या हातात दिला, आबांकडं ने म्हटलं. विडीघरकुल, तुमचंही ऐकलं, तिला सांगितलं की प्रत्येक गोष्टीचं पहिलं अक्षर तू वाचायचं, पुढचं आबा.

रात्री नऊला सुरू केलं. मी स्वयंपाकघरात होतो. पहिल्या दोन ओळी बाबा हळू वाचत होते, चाचपडत. मग तिसऱ्या-चौथ्या ओळीला आवाज चढला. चढला म्हणजे अख्ख्या फ्लॅटमध्ये घुमायला लागला. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. बाबा बँकेत होते, आयुष्यभर हळू बोलणारा माणूस, साचेखात्यात एक दिवस उभा राहिलेला नाही. दारातनं बघितलं तर तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर ओठावर आणून वाचतायत आणि पोरगी पुस्तकाकडं बघतच नाहीय, त्यांच्या तोंडाकडं बघायलीय.

ती म्हणाली, "आबा, हळू, आई झोपलीय." त्यांनी मान हलवली, एक ओळ हळू वाचली, परत तेच.

वेताळ प्रश्न विचारतो तिथवर आले आणि गठ्ठा मिटला. पोरगी ओरडली, "पुढं?"

"झाला भोंगा."

"भोंगा म्हणजे काय?"

बाबांना शब्दात सांगता येईना. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मिलचा भोंगा करून दाखवला, लांबलचक, खालनं वर चढणारा. बायको उठली. समोरच्या फ्लॅटमधले काका दार उघडून बाहेर आले, पंचाहत्तरीचे आहेत, ते म्हणाले, "पहिल्या पाळीचा का दुसऱ्या?"

शेंगाचटणी

दादा, वेताळानं काय विचारलं होतं ते उद्या लिहा. मला अर्धवट सोडू नका परत.